दोनशे रुपयांतला नाताळ

दार ढकललं गेलं आणि वर्षाराणीचं गाणं मधेच तुटलं. दारात तिची आज्जी, रत्नव्वा, उभी होती. सकाळी ती बारशासाठी कागलला म्हणून निघाली होती, दिवेलागणीला परतणार होती. आता तर दुपारचे साडेतीनच वाजले होते. पाटावर केक होता. चार मेणबत्त्या पेटल्या होत्या. खिडकीत कागदी चांदणी लटकत होती.

पवित्रा करंज्यांची ताटली घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. राजशेखर भिंतीकडं बघत होता.

पवित्रा कोडोलीच्या ख्रिस्ती घरातली. राजशेखर कोल्हापुरातल्या लिंगायत गूळ व्यापाऱ्याचा मुलगा. दहा वर्षांपूर्वी दोघं रजिस्टर लग्न करून आली, तेव्हा सासऱ्यांनी, चनबसाप्पांनी, त्यांना दारातच थांबवलं होतं. शेवटी आतून रत्नव्वाच बोलली होती. सुनेला घरात येऊ दे, पण तिचा देव, तिची गाणी, तिचं पुस्तक उंबऱ्याबाहेर राहील. पवित्रानं मान्य केलं. त्यानंतरचा प्रत्येक नाताळ तिनं चुलीपुढं भाकरी थापत काढला. सासऱ्यांचा राग ती विसरली. सासूचं ते वाक्य मात्र विसरली नाही.

यंदा श्रावणात चनबसाप्पा गेले. दुकान त्यांच्या आजारपणातच बसलं होतं. डिसेंबर लागला तशी वर्षाराणीनं एक दिवस शाळेतून येऊन विचारलं, कोडोलीच्या आजोबांकडं नाताळ असतो, मग आपल्याकडं का नाही. पवित्रानं आपले पैसे मोजले. शेजारणींच्या साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले दोनशे रुपये होते.

त्या दोनशेत तिनं नाताळ बसवला. मटणाचा प्रश्नच नव्हता. या घरात अंडंही चालत नव्हतं, म्हणून बेकरीतून बिनअंड्याचा पाव किलो केक आणला. दिवाळीत न खपलेली आकाशकंदिलाची चांदणी दुकानदारानं निम्म्या किमतीत दिली, तिचं एक टोक चेपलं होतं म्हणून. कॉलनीच्या बागेत छाटून टाकलेली सुरूची फांदी उचलून तिनं गुळाच्या रिकाम्या डब्यात रोवली. लाइट जाते म्हणून मेणबत्त्या घरात होत्याच. करंज्या रव्याच्या. पोरीला रंगांची पेटी. नवऱ्याला नवा शर्ट परवडत नव्हता, म्हणून जुन्याच शर्टाची झिजलेली कॉलर उलटून शिवली. स्वतःसाठी तिनं काही धरलं नव्हतं. तिला फक्त एकदा मोठ्यानं गाणं म्हणायचं होतं. चर्चला जायची हिंमत झाली नाही, पण सासू दिवसभर घरी नसणार हे कळल्यावर तिनं ही दुपार धरली होती.

रत्नव्वानं चपला काढल्या. सावकाश आत आली. केक पाहिला, फांदी पाहिली, चांदणी पाहिली. आता आज्जीचा हात मेणबत्त्यांवर पडणार असं वाटून वर्षाराणीनं ज्योतींपुढं आपले दोन्ही तळवे धरले. सगळं मी केलंय, यांना काही बोलू नका, असं पवित्रा कसंबसं म्हणाली.

रत्नव्वा तिथंच जमिनीवर बसली.

"थांबलीस का? पुढचं म्हण की," ती नातीला म्हणाली.

पुढचं कडवं येत नाही, आईलाही आठवत नाही, असं वर्षाराणी खाली बघत पुटपुटली.

रत्नव्वानं डोळे मिटले आणि पुढचं कडवं म्हटलं. मग त्याच्याही पुढचं. आवाज फाटलेला होता. चाल मात्र जुनी, पवित्राची आजी म्हणायची तशी. एक शब्द चुकला नाही.

राजशेखर उठून उभा राहिला. "अव्वा, ह्ये तुला कुठनं येतंय?"

मग तिनं सांगितलं. बाजारातून काय आणलं ते सांगावं, तशा आवाजात. ती कागलला गेलीच नव्हती. चर्चबाहेरच्या कट्ट्यावर बसून आली होती. आत पाऊल पडलं नव्हतं. तिला आईबाप नव्हते. ती मिरजेकडच्या एका मिशनच्या बोर्डिंगात वाढली. तिथल्या मुलींबरोबर राहून कानडी शिकली. चनबसाप्पा तिथं गूळ पोचवायला यायचे. त्यांनी तिच्याशी लग्न केलं, स्वामींकडून तिच्या गळ्यात लिंग बांधलं आणि भावकीत सांगितलं, मुलगी बैलहोंगलकडची आहे, पोरकी आहे. आपण जिवंत आहोत तोवर हे कुणाला कळता कामा नये, पोटच्या पोरालाही नाही, एवढं एकच वचन त्यांनी मागून घेतलं. लिंगाची पूजा तिनं रोज केली, मनापासून केली. त्यात खोट नव्हती.

पवित्राच्या हातातली ताटली कधी खाली ठेवली गेली, तिला कळलं नाही. "पण तुम्हीच म्हणाला होता," ती म्हणाली, "सगळं बाहेर ठेव म्हणून."

"मी ठेवलंतं. त्याबिगर आत घेत न्हाईत, ठावं होतं मला."

एका मेणबत्तीचं मेण पाटावर ओघळत राहिलं. राजशेखर आईसमोर येऊन बसला. अडतिसाव्या वर्षी त्याला कळत होतं, की आपल्या आईचं नाव आपल्याला ठाऊकच नाही. नाव काय होतं तुझं, त्यानं विचारलं.

"रूथ," म्हातारी म्हणाली. मग सुनेकडं वळली. "तू एकदा हाक मार की त्या नावानं. बेचाळीस वर्षांत कुणी मारली न्हाय."