दत्तोबांची हरकत

दत्तोबा घरी नाहीत, असं लखननं सांगितलं तेव्हा निकितानं स्कूटर झाडाखाली लावली आणि ते येईपर्यंत थांबते म्हणाली.

भवानीनगरहून पणदऱ्याला ती भर उन्हात आली होती. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी येणार, हे मोबाईलवर सांगणारं ॲप तिनं लिहिलं होतं. फुकट, सगळ्यांना खुलं. ज्याला वाटेल त्यानं दुरुस्ती सुचवावी. ते सांभाळणारे चौघं. ती, लखन, सिंधुबाई आणि लखनच्याच घरातले वडीलधारे दत्तोबा. लखन तेवढा फोनवर बोलायचा, बाकी सगळं लिहूनच चालायचं. नियम निकितानंच केला होता. लिहिणाऱ्याला सोडून उरलेल्या तिघांचा होकार आल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडायची नाही.

सोमवारी कालव्याला पाणी सुटणार होतं. लखननं होकार दिला होता, वर 'झकास' असंही लिहिलं होतं. सिंधुबाईंनी तर पाच मिनिटांत 'बारकाईनं तपासलं' म्हणून कळवलं. एकटे दत्तोबा अडून बसले होते. चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, टोकाच्या शेतांना पाण्याची पाळी एक दिवस उशिरा दाखवतंय, हे त्यांचं पालुपद. निकिताला ते म्हाताऱ्याचं खुसपट वाटत होतं. आज समोर बसवून होकार घ्यायचाच, असं ठरवून ती आली होती.

दोनदा चहा झाला. तेवढ्यात लखनची आई, कौसल्याबाई, गोठ्यातून आल्या. दत्तोबा कधी येतील, असं निकितानं त्यांनाच विचारलं.

"दत्तोबा म्हंजे याचं आजं," त्या म्हणाल्या. "त्यास्नी जाऊन सात वर्सं झाली."

लखन चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग त्यानं सगळं कबूल केलं. निकितानं काही नवं लिहिलं की लगेच तिचा फोन यायचा, आणि त्याला तोंडावर नाही म्हणवायचं नाही. म्हणून आजोबांच्या नावानं दुसरं खातं काढलं होतं. होकार स्वतःचा, हरकत आजोबांची.

निकिता चिडली. पण लखननं लॅपटॉप उघडून टोकाच्या शेतांची यादी दाखवली, तशी ती वाकून एकेक तारीख ताडून पाहू लागली. पाळी खरंच एक दिवस चुकत होती.

"एक कळत न्हाय, ताई," लखन म्हणाला. "सिंधुबाई एवढं बारकाईनं तपासतात. त्यांच्या नजरेतनं हे सुटलं कसं?"

निकितानं पदरानं कपाळ पुसलं.

"त्यांनी तपासलंच न्हाय, लखनराव. सिंधुबाई मीच हाय."