अनुपची बाटली

स्नायू झिजत जाणाऱ्या आजारानं अनुप गेला. शेवटी शेवटी त्याला श्वाससुद्धा ओढता येत नव्हता. त्याच्या मांडीतून काढलेल्या पेशी मात्र अमरावतीच्या प्रयोगशाळेत एका चपट्या बाटलीत जिवंत होत्या, आणि प्रयोगासाठी त्या यानातून अंतराळात जाणार होत्या. त्याची आई मायाबाई अकोल्याहून त्या बघायला आली, तेव्हा पेशी सांभाळणाऱ्या पायलनं नियम मोडून तिला आत घेतलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

पुढच्याच आठवड्यात त्या बाटलीत बुरशी धरली. एवढं जपूनही ती शिरली कुठून, हे पायलला काही केल्या कळेना. बाटली नष्ट करावी लागली. यानासाठी दुसऱ्याच एका पेशंटच्या पेशी तयार केल्या.

आज मायाबाई लेकाला निरोप द्यायला आली. पायलला खरं सांगवेना. तिनं त्या परक्या पेशीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. मायाबाई डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"आता आरामात हाये माह्यं लेकरू," ती म्हणाली. पायलनं मान खाली घातली.

जाता जाता मायाबाई दारातून मागं फिरली आणि पायलच्या कानाशी येऊन हळूच बोलली,

 

"त्याचं झाकण घट्ट नको लावत जाऊ, बेटा. मांगच्या खेपीले तू फोनवर बोलून राहिली होती ना, तवा मीच जराकसं उघडून ठेवलं होतं. नाईतं पुन्हा गुदमरला असता तो."