मागोमाग येणारी गाडी

गाडी हलली नाही.

लीलाताई चार पावलं पुढे गेल्या, थांबल्या, वळून पाहिलं. चादरींची चळत डोक्यावर घेऊन गाडी होती तिथेच उभी होती.

"एक बार और," प्रशासक दौलतसिंह म्हणाले. त्यांच्या हातात यादी होती आणि पेनाचं टोपण उघडं होतं.

लष्कर भागातलं आणि बिर्लानगरातलं, अशी ट्रस्टची दोन रुग्णालयं त्या दिवसापासून एक झाली होती. धोबीखान्यापासून नव्या वॉर्डापर्यंतचा रस्ता आता तिप्पट लांब झाला होता. कपड्यांची चाळीस किलोंची गाडी जिला ढकलता येणार नाही, तिचं नाव नव्या यादीत नसणार, हे आयांना सकाळीच सांगून झालं होतं. लीलाताईंचा उजवा खांदा वर्षभरापासून कामातून गेला होता. निवृत्तीला सहा वर्षं होती आणि घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं. त्यांच्या भाचीने, पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या शरयूने, ही माणसामागून आपोआप चालणारी गाडी केली होती ती त्याचसाठी. मोटारी भंगारातल्या व्हीलचेअरच्या. कॅमेरा बसवायचा तर खर्च दुप्पट झाला असता, म्हणून दोन सेन्सरांवर भागवलं होतं. समोर दोन पाय आणि मधली फट दिसली की त्यांच्या मागे जायचं, एवढीच अक्कल तिने गाडीत घातली होती.

लीलाताई पुन्हा चालल्या. गाडी ढिम्म.

शरयूने गुडघ्यांवर बसून तारा चाचपल्या, मग उठून स्वतःच गाडीपुढे चालून पाहिलं. गाडी शेळीसारखी तिच्या मागे आली. शरयूने आपल्या जीन्सकडे पाहिलं, मग आत्याच्या घोट्यांपर्यंत आलेल्या पांढऱ्या साडीकडे. दर्पण कॉलनीत, आत्याच्या घरी तीन महिने ही गाडी आत्यामागे फिरली होती. पण घरी कामाला लागली की आत्या कासोटा घालायची. ते इतकं रोजचं होतं की शरयूच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आत्या, साडीत तुझे पाय दिसत नाहीयेत तिला," ती हळूच म्हणाली. "तुला भिंत समजतेय ती. सर, प्लीज, बस एक हफ्ता दीजिए, मैं ठीक कर दूँगी."

"मॅडम, लिस्ट आज लगेगी."

लीलाताईंनी व्हरांड्याकडे नजर फिरवली. दोन्हीकडचे मिळून दहा-बारा जण होते. दोन कारकून, एक शिपाई, बाकीच्या आया. लग्न होऊन या हिंदी मुलखातल्या गावात आल्यापासून घराच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी कधी कासोटा घातला नव्हता. कासोट्यातल्या बाईला गल्लीतल्या बायका 'मरेठिन', मराठ्यांची बाई, म्हणून कशा हसतात ते त्यांनी सासूच्या वेळीच पाहिलं होतं.

त्या भिंतीकडे वळल्या. वाकून निऱ्या धरल्या, पायांमधून मागे घेतल्या आणि कमरेला खसकन खोचल्या. पोटऱ्या उघड्या पडल्या. एक कारकून फिसकन हसला. लाजेने लीलाताईंच्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं, पण त्या चालू लागल्या.

गाडी निघाली.

पहिलं वळण आलं, मग उतार. चाळीस किलोंचं ओझं आत्याच्या पाठीवर येतं की काय म्हणून शरयूचा जीव टांगणीला लागला होता. गाडी हातभर अंतर राखून, मुकाट्याने येत होती. आता कुणी हसत नव्हतं. वॉर्डाचं दार समोर दिसू लागलं तेव्हा दौलतसिंह म्हणाले, "रुकिए."

लीलाताई थांबल्या. गाडीही थांबली.

"मशीन बढ़िया है," ते म्हणाले. शरयूने श्वास सोडला. "रख लेंगे. पर इसके आगे चलने के लिए अलग से बाई क्या रखना? चल तो कोई भी लेगा."

आणि ते स्वतःच लीलाताईंना ओलांडून पुढे चालू लागले. गाडी क्षणभरही अडखळली नाही. त्यांच्या पँटीतल्या दोन पायांमागे निमूट निघाली.

शरयूला स्वतःचा भयंकर राग आला. स्वस्त, स्वस्त करता करता तिने असं यंत्र केलं होतं, ज्याला कुणाचीच ओळख नव्हती. ती बंद करायच्या बटणाकडे धावली. लीलाताईंनी तिचं मनगट धरलं.

"जाऊ दे."

"आत्या, अगं तुझी नोकरी—"

"जाऊ दे म्हटलं ना. वॉर्डात कपडे पोचू देत."

दौलतसिंह दारातून आत गेले. सुधाताई सिस्टर दाराकडे पाठ करून एका म्हाताऱ्या रुग्णाला सलाइन लावत होत्या. कपड्यांच्या गाडीची चाकं वाजली तशी त्यांना वाटलं, लीलाच आली.

"लीला, आलीस का? आधी चार नंबर घे, पूर्ण ओला झालाय. कालच ऑपरेशन झालंय, उचलू नकोस, कुशीवर वळवून खालची चादर काढ. टाक्यांना धक्का नको. आणि सात नंबरची आजी तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीये, सकाळपासून तशीच पडलीय."

दौलतसिंह दोन खाटांच्या मध्येच थांबले.

"लीला, ऐकतेयस ना?"

चार नंबरच्या खाटेवरचा माणूस दौलतसिंहांकडे पाहत होता. त्याने एक हात थोडासा वर केला. दौलतसिंहांनी मागे पाहिलं. त्यांच्या मागे गाडी होती, ते पुढे चालायची वाट पाहत उभी.