तळ्याकाठची भुजली

अर्धा विणलेला स्वेटर. अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब. दोन हजार चार साल. कमरेवर हात ठेवून तळ्याच्या पाळीवर उभी गोमतीची सासू. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया तळ्यावर जमल्या. जिच्या कानामागे कोंब खोचायचा, ती जन्माची भुजली, सख्ख्या बहिणीसारखी; खोचलेला कोंब कोणी काढत नाही. गोमती कोंब घेऊन थेट पाळीवर स्वेटर विणत बसलेल्या, तिबेटी कॅम्पातल्या डोल्माकडे निघाली. “बर्फातली बाई भुजली कायले?” सासू कडाडली. “गावातल्या का मेल्या सगळ्या? तिच्या घरचं खाणं चालन का तुले?” “सहा वर्सांपासून तिच्या घरी जेवून राहिली मी, माय.” बाया फिसकन हसल्या. कोंब डोल्माच्या कानामागे बसला. डोल्माने वाकून सासूचे पाय धरले. सासू म्हणाली, “केसं मांग घे वो, पडन तो.” सासू लग्न होऊन पलीकडच्या राज्यातल्या बालाघाटहून आली होती, डोल्मा इथेच जन्मली.