घराचा आहार

रविवारी दुपारी एक वाजता निंबाळकरांच्या घरात आरोग्यदायी आहार सुरू झाला. ठराव एकमताने झाला होता. सतरा वर्षांच्या तेजलला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. तिच्या ताटात उकडलेला दुधी आला, बाकी सगळ्यांच्या ताटात मटण.

“तुझ्या भल्यासाठीच चाललंय गं सगळं,” पप्पा नळी चोखत म्हणाले. त्यांचं पोट टेबलाला टेकलं होतं. आईने सव्वीस वर्षांच्या दादाला चौथी भाकरी वाढली. “वाढतं वय आहे त्याचं.”

कुणी बघत असलं की तेजल पोट आत ओढून बसायची. आज तिने श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं.

“मी जाड आहे आणि मला भूक लागलीय,” ती म्हणाली. “दोन्ही खरं आहे. आणि आहार घराचा असेल, तर तो सगळ्यांचा.” तिने दुधीचे चार वाटे केले, उरलेल्या मटणाचेही केले, सगळ्यांना वाढलं आणि जेवायला लागली.

पप्पांनी आईकडे पाहिलं, आईने दादाकडे. पुढच्या रविवारी काय शिजणार, हे अद्याप कुणी जाहीर केलेलं नाही.