एक खुर्ची उघडी

कला संकुलातलं मोठं नाट्यगृह सकाळी मी एकटीच झाडते. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की खटकन मिटतात. त्या दिवशी मात्र शेवटच्या रांगेतली एक उघडीच होती.

सुतारकाकांनी ती दाबून पाहिली. "स्प्रिंग तर ठणठणीत आहे गं. कुणीतरी बसलंय बघ," ते हसत म्हणाले.

मलाही गंमत सुचली. रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "साहेब, इतक्या मागे कशाला? पुढे या ना."

दुसऱ्या दिवशी ती मिटलेली होती. तिच्या पुढच्या रांगेतली उघडी होती. मग रोज एकेक रांग पुढे. सुतारकाका आता आत पाऊल टाकत नाहीत.

आज पहिल्या रांगेतली उघडी होती. तिच्याकडे न बघता मी रंगमंचावर चढले, पाठ करून झाडू लागले.

मागे खुर्ची खटकन मिटली.