नॉर्वेचा कान

"गिटार कमी कर ना बे," रजतने पुन्हा सांगितलं आणि दुर्गेशने पुन्हा ऐकलं नाही. उलट गिटारचा आवाज थोडा वरच सरकवला. टेबलावरचा चहाचा कप थरथरला.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीशेजारी भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली बाहेरची म्हणजे दुर्गेशचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, मधे कॉम्प्युटर, दोन बाजूंना दोन धिप्पाड स्पीकर. कळमेश्वरच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तो दुपारी घरी यायचा, चार घास पोटात ढकलायचा आणि संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर घ्यायचा. ड्रमर रजतला पुण्याला नोकरी लागली होती. बंगळुरूच्या मेटल संगीताच्या महोत्सवासाठी गाणं निवडलं गेलं तरच तो थांबणार होता. नाहीतर बँड संपला, गिटार माळ्यावर आणि जन्मभर पहिली पाळी. या विचाराने दुर्गेशचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकच गाणं तो रोज उघडायचा, रोज बिघडवायचा.

"वहिनी उठंन ना," रजतने आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

आत दुर्गेशची बायको मिनल झोपली होती. ती शहरातल्या एका दवाखान्यात नर्स. रातपाळी करून सकाळी यायची आणि दुपारी झोपायची.

"तिले काही फरक नाही पडत. कानापाशी डीजे वाजवला तरी उठत नाही."

लग्न ठरताना मिनलच लाजत तसं म्हणाली होती. दुर्गेशने ते कायमचं मनावर घेतलं होतं.

खालच्या मजल्यावरचे भैयाजी मात्र उठायचे. जिना चढून दारात यायचे. "दुर्गेश, फळीवरचे डबे पडून राहिले गा आमच्या घरचे."

"हो भैयाजी," म्हणून दुर्गेश दार लावून घ्यायचा.

शेवटी वैतागून त्याने गाणं इंटरनेटवरच्या मेटलवाल्यांच्या अड्ड्यावर टाकलं. ऐका आणि दोष सांगा. कुणी 'मस्त' लिहिलं, कुणी 'कचरा'. नीट ऐकून लिहिणारा एकच निघाला. नाव फ्रॉस्टहॅमर, फोटोत बर्फाचा डोंगर. त्याचं उत्तर रात्री कधीतरी येऊन पडायचं आणि दुर्गेश ते पहाटे पाळीला निघताना वाचायचा.

"नॉर्वेचा दिसते," त्याने रजतला सांगितलं. "आपली रात्र, त्याइची संध्याकाळ. मेटल रक्तात आहे बे त्या लोकाइच्या."

नॉर्वेवाल्याने लिहिलं होतं, लहान खोलीत खालचा, घुमणारा बास फुगतो, स्पीकर तुला फसवतायत, ते काढ आणि हेडफोन लाव. भैयाजींनी जिने झिजवून जे झालं नव्हतं, ते त्या ओळीने झालं. दुर्गेशने वायरी उपटल्या. हेडफोनवर ऐकलं तर बासचा नुसता चिखल. तो उपसल्यावर रजतने कॉम्प्युटरवर बसवलेल्या ड्रमचा ठोका पहिल्यांदाच सुटा ऐकू आला. रजतचे डोळे भरून आले.

मग उत्तर आलं की अँप्लिफायर कशाला, गिटार थेट कॉम्प्युटरला जोड, धार येईल. धार आली. आवाज हळू ठेवून ऐकत जा, हळू असताना जे कळतं तेच पक्कं. तेही पटलं.

"मी काय वेगळं सांगून राहिलो होतो?" रजत चिडला.

"तू नॉर्वेचा आहे काय?"



गाण्यातला दुर्गेशचा आवाज मात्र डब्यात बसून ओरडल्यासारखा येत होता. घराबाहेर जा, बंद गाडीत रेकॉर्ड कर, असा हुकूम आला. दोघं रजतच्या गाडीतून कॉलनीबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला गेले. दुर्गेश मागच्या सीटवर रजई पांघरून जिवाच्या आकांताने ओरडला. कोळशाचा एक ट्रक करकचून थांबला आणि ड्रायव्हरने काचेवर थापा मारल्या.

"किसको मार रहे हो, भाई?"

"गाना गा रहा है," रजतने सांगितलं. ड्रायव्हर कानाला हात लावून निघून गेला.

इतकं होऊनही दुर्गेशला चैन पडेना. हेडफोन लावून तो खोलीत येरझारा घालायचा, गिटार वर चढवायला बोटं शिवशिवायची. भैयाजी एकदा बाजारात भेटले, म्हणाले, "गावाले गेला होता काय गा?" मिनलचे डोळे हल्ली टवटवीत दिसत होते, पण ते बघायला दुर्गेशचं लक्ष कुठं होतं? शेवटी त्याने नॉर्वेला विचारलं, गिटार अजून वाढवू का? उत्तर आलं, 'हात लावू नकोस. सुंदर झालंय. पाठव.' ते वाचून तो मुलासारखा रडला आणि त्याने गाणं पाठवून दिलं.

निवड झाल्याचं कळलं ती दुपारच होती. फोनवर रजत नुसता किंचाळत होता. दुर्गेश तसाच आतल्या खोलीत धावला. मिनल डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपली होती.

"मिनल! उठ वं! झालं आपलं! बंगळुरू!"

तिने ओढणी बाजूला केली, त्याचा हात घट्ट धरला आणि मनापासून हसली. "मले वाटलंच होतं."

"रजत थांबते म्हणे! आता पूरा अल्बम करतो आम्ही. खरे ड्रम आणून राहिलो उद्या. बाहेरच्याच खोलीत, पाळीवरून आलो का सुरू!"

मिनलचं हसू मावळलं.

"ड्रमचं कसं करायचं, ते आताच विचारतो नॉर्वेवाल्याले," दुर्गेश पलंगाच्या कडेवर बसून भराभर टाइप करू लागला.

मिनलने कूस बदलली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"आता नको लिहू," ती आतून म्हणाली. "झोप झाल्यावर उत्तर देते मी."